रामापिथेकसला पूर्वजांच्या रांगेतून उठवा

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात मानवाच्या उत्क्रांतीला जेमतेम पान-दीड पान मिळालं आहे. सुरुवातीलाच तिथे दीड कोटी वर्षांपूर्वीचे दोन प्राणी भेटतात, ड्रायोपिथेकस आणि रामापिथेकस. पहिला अधिक एपसारखा (म्हणजे चिंपांझी, गोरिला अशा बिनशेपटीच्या प्राण्यांसारखा), दुसरा अधिक माणसासारखा, एवढं विद्यार्थ्याने लक्षात ठेवायचं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानातही माणसाकडे येणाऱ्या वाटेवर रामापिथेकस उभा आहेच. प्रवेश परीक्षांच्या सराव-प्रश्नसंचांत तर तो हटकून असतो. मुलं नाव पाठ करतात, गुण मिळवतात आणि पुढे जातात. ज्या प्राण्याला हे नाव दिलं होतं तो माणसाचा पूर्वज नव्हता, हे 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलं होतं. वेगळी प्रजाती (जीनस) म्हणून ते नावही तेव्हाच निकालात निघालं. आज हे पुस्तक हातात धरणाऱ्या कित्येक मुलांचे आईवडीलही तेव्हा शाळेत जायचे होते.

रामापिथेकसला त्या रांगेतून उठवावं, असं माझं म्हणणं आहे. पण गुपचूप खोडरबर फिरवून नको. तो तिथे बसला कसा आणि त्याला उठवलं कोणी, हे मुलांना सांगावं. नामशेष मानवांबद्दल शाळेत शिकवण्यासारखं जे आहे, त्यातलं निम्मं तरी या एका गोष्टीत येतं.

1932 साली येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुइस हा विद्यार्थी शिवालिक टेकड्यांत जीवाश्म शोधत होता. आजच्या हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर भागात, हरितल्यांगरजवळ त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्यात मोजके दात होते. 1934 मध्ये त्याने त्याचं नामकरण रामापिथेकस असं केलं. देवादिकांची नावं देण्याची प्रथा त्याआधीची. गाय पिलग्रिम या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने 1910 मध्येच शिवापिथेकस हे नाव देऊन ठेवलं होतं. लुइसने रामाबरोबर ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवापिथेकसही आणले. (सुग्रीवाचं निदान शोभतं. बाकीच्यांना कपिकुलात ओढताना इथल्या कोणाला विचारलं नसावं.)

तीस वर्षं त्या तुकड्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. 1961 मध्ये येललाच एल्विन सिमन्स यांनी तो कपाटातून बाहेर काढला आणि हा माणसाचा सर्वांत जुना पूर्वज असल्याचं मांडलं. पुढे डेव्हिड पिलबीम त्यांच्या जोडीला आले. युक्तिवाद असा होता: सुळे लहान असावेत, दातांवरचा इनॅमलचा लेप जाड आहे आणि दातांची ओळ माणसासारखी गोलसर वळते. सुळे लहान, म्हणजे भांडायला आणि फाडायला हात व हत्यारं वापरत असणार. हात मोकळे, म्हणजे दोन पायांवर चालत असणार. जबड्याच्या एका तुकड्यावरून एक अख्खा चालता-बोलता पूर्वज उभा राहिला. मजा म्हणजे जबड्याचा मधला भागच सापडलेला नव्हता. ओळ गोलसर वळते की नाही हे ठरायचं तिथे, आणि नेमका तोच भाग अंदाजाने पुरा केलेला होता. कमरेचं, मांडीचं, पायाचं एकही हाड हाताशी नव्हतं.

तरी 1960च्या दशकात जगभरच्या पुस्तकांत रामापिथेकस दिमाखात वावरला. वय दिलं जायचं 1 कोटी 40 लाख वर्षं. आपल्याकडे तर त्याचं विशेष कौतुक होणं साहजिकच होतं. हिमालयाच्या पायथ्याशी सापडलेला, रामाचं नाव असलेला, मानवजातीचा आद्य पुरुष! त्याला नको कोण म्हणेल?

नको म्हणणारे निघाले बर्कलीच्या प्रयोगशाळेत, आणि त्यांनी एकही हाड खणलं नव्हतं. व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी माणूस, चिंपांझी, गोरिला यांच्या रक्तातल्या प्रथिनांची तुलना केली. प्रथिनांतले फरक साधारण ठरावीक गतीने साठतात असं धरलं, तर माणूस आणि आफ्रिकेतले एप यांच्या वाटा फुटून सुमारे 50 लाख वर्षं झाली असावीत, असं त्यांनी 1967 मध्ये लिहिलं. मग 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी माणसाचा स्वतंत्र पूर्वज असणार कुठून? हाडं हाताळणारे चिडले. सारिचही काही कमी नव्हते. 80 लाख वर्षांपेक्षा जुना नमुना दिसायला कसाही असो, त्याला मानवकुलातला म्हणता येणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. दहा-पंधरा वर्षं हा वाद चालला. दरम्यान अधिक पूर्ण जबडे सापडले आणि ती गोलसर ओळ काही दिसेना. शेवटी पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर, म्हणजे त्याच शिवालिक थरांत, पिलबीम यांच्याच चमूला शिवापिथेकसचा जवळपास अख्खा चेहरा मिळाला. तो माणसासारखा नव्हता, चिंपांझीसारखाही नव्हता. तो ओरांगउटानशी जुळत होता. 1982 मध्ये पिलबीम यांनी ते स्वतःच प्रसिद्ध केलं आणि ज्या नावासाठी आपण वीस वर्षं झुंजलो त्याचा दावा सोडला. रामापिथेकस हा शिवापिथेकसच ठरला. एकाच प्राण्याला दोन नावं असतील तर आधीचं टिकतं, असा प्राणिशास्त्राचा नियम आहे. 1910च्या शिवापुढे 1934चा राम मागे सरला.

आता ही गोष्ट आणि पुस्तकातली ओळ शेजारी ठेवून पाहा. गोष्टीत पुरावा आहे, चुकीचा तर्क आहे, दोन विद्याशाखांची भांडणं आहेत, आणि हरलेल्या पक्षानेच हार जाहीर केल्याचा दुर्मीळ प्रसंग आहे. पुस्तकातल्या ओळीत एक नाव आहे, आणि तेही रद्द झालेलं.

मराठी माध्यमाच्या मुलांना प्राचीन मानवांची नावं त्याआधीच, पाचवीत, भेटतात. परिसर अभ्यासात कुशल मानव (होमो हॅबिलिस), ताठ कण्याचा मानव (होमो इरेक्टस), शक्तिमान मानव (निअँडरथल), बुद्धिमान मानव (होमो सेपियन्स) अशी ओळ आहे. लॅटिन नावं लहान मुलांच्या माथी मारण्यापेक्षा ही शब्दयोजना कितीतरी बरी, हे मान्य. ज्याने कोणी ती केली त्याला मराठीचा कान होता. पण या विशेषणांनी एक घोटाळा होतो. होमो हॅबिलिस म्हणताना मुलाला निदान ते विशेषनाम वाटतं. कुशल म्हटलं की त्याला अर्थ कळतो, आणि कळलेला अर्थ खरा वाटतो.

1964 मध्ये लुइस लीकी, फिलिप टोबायस आणि जॉन नेपियर यांनी होमो हॅबिलिस हे नाव जाहीर केलं. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत हाडांबरोबर दगडी हत्यारं होती. हत्यार घडवतो तो माणूस, ही व्याख्या तेव्हा पक्की होती. म्हणून हा कुशल, म्हणून हा आपल्या होमो प्रजातीतला. 2015 मध्ये केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, लोमेक्वी इथल्या दगडी हत्यारांची माहिती प्रसिद्ध झाली. वय 33 लाख वर्षं. होमो प्रजातीचा आतापर्यंतचा सर्वांत जुना अवशेष म्हणजे इथिओपियात सापडलेला जबडा, आणि तो 28 लाख वर्षांचा. म्हणजे दगड फोडून धार काढायचं कसब होमो प्रजातीच्या सर्वांत जुन्या अवशेषापेक्षाही पाच लाख वर्षं जुनं आहे. आता कुशल हे बिरुद एकट्या हॅबिलिसला कशासाठी? नाव बदलता येत नाही, नियमाने ते तसंच राहणार. पण त्याचं मराठी भाषांतर आपण केलं आहे, आणि ते चालू ठेवायचं की नाही हे आपल्या हातात आहे.

शक्तिमान मानवाचं प्रकरण याहून चटका लावणारं आहे. 1856 मध्ये जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत हाडं सापडली. 1864 मध्ये विल्यम किंग यांनी होमो निअँडरथालेन्सिस हे नाव दिलं. दोन वर्षांनी एर्न्स्ट हेकेल यांनी पर्याय सुचवला: होमो स्टुपिडस. मठ्ठ मानव! किंग यांचं नाव आधीचं म्हणून ते टिकलं, नाहीतर आज पाचवीच्या पुस्तकात काय छापलं असतं कोण जाणे. नाव टळलं तरी समज टळला नाही. 1911 ते 1913 या काळात मार्सेलँ बूल यांनी फ्रान्समधल्या एका सांगाड्यावरून निअँडरथल उभा केला तो गुडघ्यात वाकलेला, मान पुढे आलेला, अर्धा पशू. तो सांगाडा संधिवात झालेल्या वृद्धाचा होता, आणि निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालत असणार, हे 1957 मध्ये दोन शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी इराकमधल्या शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. कवटीला जबर मार बसलेला, एक डोळा बहुधा निकामी, उजवा हात झिजून आणि कापला जाऊन निरुपयोगी. आणि या जखमा भरून येऊन हा माणूस पुढे कित्येक वर्षं जगला होता. शिकार करून पोट भरणाऱ्या टोळीत असा माणूस चाळिशी गाठतो, तो कोणीतरी सांभाळलं म्हणूनच. त्याच्या कुळाला आपण मुलांसमोर शक्तिमान म्हणून उभं करतो. मुलांच्या मनात पहिलवान येतो, पांगळ्या सोबत्याला घास भरवणारी टोळी येत नाही.

या रांगेने बसवलेला आणखी एक समज म्हणजे एक गेला की दुसरा आला. पंक्तीतल्यासारखे हे मानव एकामागून एक बसवलेले असल्यामुळे ते एकमेकांना कधी भेटलेच नसतील असं वाटतं. प्रत्यक्षात सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदला आपल्या, म्हणजे होमो सेपियन्सच्या, जातीचे आद्य लोक होते, दक्षिण आफ्रिकेत लहान मेंदूचा होमो नालेडी होता, युरोपात निअँडरथल होते, आशियात डेनिसोवन (निअँडरथलांच्या नात्यातलं एक नामशेष कूळ) होते आणि जावा बेटावर इरेक्टस अजून तग धरून होता. त्यांतल्या काहींच्या भेटी झाल्या आणि मुलंबाळंही झाली. 2010 मध्ये स्वांते पेबो यांच्या चमूने निअँडरथल जनुकसंच वाचला, तेव्हापासून यात शंका उरलेली नाही. त्यासारख्या कामाबद्दल पेबो यांना 2022चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत साधारण दोन टक्के वारसा निअँडरथलांचा आहे, तुमच्या-माझ्यातही. 2020 मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक जनुकखंड निअँडरथलांकडून आलेला आहे. तो युरोपात सुमारे 16 टक्के लोकांत, तर दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत आढळतो. ज्यांना आपण नामशेष म्हणतो त्यांचा एक तुकडा त्या दोन वर्षांत आपल्या दवाखान्यांत हजर होता. हे पाचवीच्या नाही, पण बारावीच्या मुलाला नक्की कळतं.

यावर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलं नाही, की कुठे लिहून ठेवलं नाही, असं त्यांचं म्हणणं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अशा हवेत रामापिथेकस चुकला होता, कुशल मानवाचं बिरुद फसवं आहे, असं शिकवायला लागलो तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती काही शिक्षक बोलून दाखवतात. नावं तात्पुरती असली तरी चालतील, पण मुलांसमोर भिंत एकसंध दिसू दे, असा त्यांचा सूर असतो.

मला हे धोरण उलटणारं वाटतं. उत्क्रांती नाकारणाऱ्यांना रामापिथेकसची गोष्ट आजही एका बोटावर सापडते. फक्त ती त्यांच्या रंगात सापडते: पाहा, शास्त्रज्ञांचा पूर्वज खोटा निघाला. ज्या मुलाने वर्गात ती कधी ऐकलेलीच नाही त्याच्याजवळ त्यावर उत्तर नसतं. रामापिथेकसला खाली उतरवलं ते रक्तातल्या प्रथिनांनी आणि पोतवारच्या चेहऱ्याने, आणि ते करणारे सगळेच उत्क्रांतीचे अभ्यासक होते, हे त्याने आधी ऐकलेलं असेल तर तो फसणार नाही.

माकडाचं म्हणाल तर त्यात आपल्या भूगोलाचाही हात आहे. महाराष्ट्रात लालतोंड्या माकडं आहेत, वानरं आहेत, पण बिनशेपटीचा एप एकही नाही. देशात फक्त ईशान्येकडे हुलॉक गिबन आहे. पाहण्यातला प्राणीच नाही म्हणून बोलीत शब्द नाही, आणि म्हणून चिंपांझी, गोरिला, आपला समान पूर्वज, सगळ्यांची बोळवण एकाच माकडावर होते. इंग्रजीत तरी कुठे सगळं सुरळीत होतं? होमिनिड म्हणजे माणूस आणि त्याचे पूर्वज एवढंच धरलं जायचं. चिंपांझी गोरिलापेक्षा आपल्याला जवळचा आहे असं जनुकांनी सांगितल्यावर त्या कुळात मोठे एपही घ्यावे लागले आणि फक्त आपल्या फांदीसाठी होमिनिन हा शब्द पुढे आला. एका अक्षराच्या फरकामागे माणसाने आपलं वेगळं घर सोडून भावंडांत राहायला जाणं आहे. मराठी पुस्तकं मात्र अजून मानवसदृश या एकाच शब्दात दोन्ही गुंडाळतात.

भारतापुरतं बोलायचं तर आपल्याजवळ रामापिथेकसपेक्षा फार चांगलं उदाहरण आहे. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना नर्मदेच्या काठी हथनोरा इथे कवटीचा वरचा भाग मिळाला. जवळचं शहर तेव्हाचं होशंगाबाद. तेही आता नर्मदापुरम झालं आहे, नावं काय फक्त कवट्यांचीच बदलतात असं नाही. या कवटीला आधी होमो इरेक्टस नर्मदेन्सिस म्हटलं गेलं. नदीचं नाव लागलं, देशाला स्वतःचा इरेक्टस मिळाला. पण 1991 मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी सविस्तर मोजमापं घेऊन ही इरेक्टस नसून सेपियन्सची प्राचीन शाखा असावी असं लिहिलं. त्या लेखाच्या सहलेखकांत अरुण सोनाकिया यांचं नाव आहे. स्वतः शोधलेल्या, स्वतः नाव दिलेल्या, देशातल्या एकमेव कवटीवरचं नाव मागे घेणाऱ्या लेखावर त्यांनी सही केली. आपल्याकडे अशा माणसांचे धडे पुस्तकात हवेत. नंतर काही अभ्यासकांनी तिला होमो हायडेलबर्गेन्सिस या आणखी एका प्राचीन मानवजातीच्या जवळ नेलं. वाद मिटलेला नाही आणि लवकर मिटेल असंही दिसत नाही, कारण कवटीला चेहरा नाही, दात नाहीत.

दातांचं महत्त्व चीनमधल्या हार्बिनच्या कवटीने दाखवून दिलं. 2021 मध्ये तिला होमो लोंगी हे नवं नाव मिळालं, ड्रॅगन मानव म्हणून तिचा गाजावाजाही झाला. 2025 मध्ये तिच्यातली प्रथिनं आणि एकुलत्या एका दाताच्या किटणातलं जनुकद्रव्य तपासलं, तेव्हा ती डेनिसोवन निघाली. पंधरा वर्षं बोटाचं हाड, दात आणि मोजक्या तुकड्यांवरून ओळखल्या गेलेल्या कुळाला चेहरा मिळाला. आता सगळ्या डेनिसोवनांना लोंगी म्हणायचं का, यावर नवा वाद सुरू आहे.

आपल्याकडे हत्यारं मात्र भरपूर आहेत. प्रवरेकाठी नेवाशाजवळच्या चिरकीला, तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला. अत्तिरमपक्कमची सर्वांत जुनी हत्यारं सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची असल्याचं शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलं. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेच्या थरात हत्यारं सापडली, त्या राखेच्या वयावरून अभ्यासकांत अनेक वर्षं जुंपली. कोणी 14 लाख वर्षं म्हटलं, कोणी 74 हजार वर्षांपूर्वीचा इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीचा उद्रेक म्हटलं. ती घडवणारे हात कोणाचे, हे सांगायला या ठिकाणी एकही हाड नाही. जुन्नरकडच्या शाळेतल्या मुलाला दीड तासावर असलेल्या या ओढ्या-घळींची माहिती नसते आणि रामापिथेकसचे दात तोंडपाठ असतात, ही आपल्या अभ्यासक्रमाची निवड आहे.

पाचवीत विशेषणांऐवजी गावांची नावं चालतील. ओल्डुवाईचा, निअँडर खोऱ्याचा, हार्बिनची, हथनोऱ्याची. गावाचं नाव नकाशावर बोट ठेवायला लावतं आणि स्वभावाबद्दल काही सुचवत नाही. त्यातही काटे आहेत: झांबियातल्या काब्वे खाणीत 1921 मध्ये सापडलेल्या कवटीला ऱ्होडेशियाचं, म्हणजे पर्यायाने ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचं नाव चिकटलं, आणि कवटीही अजून लंडनच्या संग्रहालयातच आहे. बारावीत मात्र हथनोऱ्याचं नाव घेऊन थांबू नये. 1982 मध्ये कवटी सापडली, तिला इरेक्टस म्हटलं गेलं, 1991 मध्ये शोधणाऱ्यानेच इतरांसह ते नाव मागे घेतलं, आज एकमत नाही. चार ओळींचं काम आहे. ड्रायोपिथेकस आणि रामापिथेकस यांची तुलना काढून टाकली की त्याच पानावर तेवढी जागा होते.